पेशींचा सांगावा : पोटात बाळाचा मेंदू कसा घडतो

तेलगाव, धारूर, वडवणी, माजलगाव, आपल्या या सगळ्या भागातल्या बचत गटांच्या बायांनो, भाकरी थापत असाल तर थापत राहा, कान तेवढे इकडं द्या.

दसऱ्याच्या आधी एका गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपली, सह्या-अंगठे झाले, बाया उठल्या. एक नवी सून मात्र मागं रेंगाळली. हळूच म्हणाली, "ताई, पाळी चुकून आठच दिवस झालेत. आशाताई म्हणती, आजपासनं गोळी घ्यायची. आमच्या आत्याबाई म्हणत्यात, अजून तिळाएवढा जीव न्हाई, त्याला कशाच्या गोळ्या? पोट दिसायला लागल्यावर घे."

मी तिला लगेच "घे गं गोळी" एवढंच म्हणू शकले असते. पण आत्याबाईंचा प्रश्न मला आवडला. आणि गंमत बघा, त्यांचं माप अगदी बरोबर निघालं. पाळी चुकून आठवडा झाला की पोटातला जीव खरोखरच तिळाएवढा असतो. दोन-अडीच मिलिमीटर. मग त्या तिळाला गोळी कशाला? हे समजून घ्यायचं तर त्या तिळाच्या आत चाललेलं काम बघावं लागेल. आज तेच सांगणार आहे.

आधी दिवस मोजू. समजा, पाळी १ ऑक्टोबरला आली. गर्भ साधारण १५ ऑक्टोबरला राहतो. पुढची पाळी २९ ऑक्टोबरला यायला हवी होती, ती चुकली. तोवर दोन आठवडे होऊन गेलेले असतात आणि बाळ म्हणजे एक चपटी चकती असते. ही चकती लवकरच तीन पदरांची होते. मग तिच्या वरच्या पदराचा मधला पट्टा जाड होतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडं झुकतात आणि मधोमध येऊन चिकटतात. दिवाळीत करंजीच्या कडा जुळवून दाबतो ना आपण, तसं. फक्त ही करंजी लांबट आणि आतून पोकळ. तिची झाली नळी. नळीचं वरचं टोक फुगून मेंदू होतो, आणि खालची लांब नळी म्हणजे पाठीच्या मणक्यांतून जाणारा मज्जारज्जू.

ही करंजी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत पूर्ण मिटलेली असते. आपल्या हिशोबात १२ नोव्हेंबर. म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे. या दोन आठवड्यांत आपल्याला काय वाटत असतं? ऊस तोडून दमलोय, पाळी पुढं गेली असेल. तोवर आत मेंदूचा पाया घालून झालेला असतो.

कड कुठं उघडी राहिली तर? खालच्या बाजूला राहिली तर बाळाच्या पाठीवर गाठ येते, पायात ताकद नसते, लघवी-संडासवर ताबा राहत नाही. वरच्या बाजूला राहिली तर मेंदूचा वरचा भाग तयारच होत नाही, आणि ते बाळ जगत नाही.

आता खरा प्रश्न. त्या तिळातल्या पेशींना हे सांगतं कोण? कडा कुणी उचलायच्या, मधे कुणी बसायचं, डोक्याकडं कोण, शेपटाकडं कोण?

आपल्या जिल्ह्यात कामाची हाक म्हटली की मुकादम आठवतो. पण इथं मुकादम नाही. पेशीच एकमेकींना सांगावा धाडतात.

हे पहिल्यांदा ठसठशीत दाखवलं ते जर्मनीतल्या हिल्ड मँगोल्ड नावाच्या एका तरुण बाईनं. पाण्यात राहणाऱ्या, पालीसारख्या दिसणाऱ्या न्यूट नावाच्या प्राण्याच्या अंड्यावर तिनं काम केलं. एका गर्भाचा मोहरीपेक्षाही बारीक तुकडा काढून तिनं दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला लावला. तिथं काय व्हावं? दुसरा मेंदू, दुसरा कणा, जवळजवळ दुसरं बाळच जोडीला उगवलं. आणि ते बहुतेक त्या यजमान गर्भाच्याच पेशींचं होतं. म्हणजे बाहेरून आलेल्या तुकड्यानं स्वतः फारसं काही बांधलं नव्हतं, शेजारच्या पेशींना "तुम्ही मेंदू व्हा" असा निरोप दिला होता. हे संशोधन १९२४ साली छापलं गेलं. त्याच वर्षी घरातल्या शेगडीचा भडका उडून हिल्ड भाजली आणि गेली. पाठीमागं लहान मूल होतं. तिला २६ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तिच्या गुरूंना, हान्स स्पेमान यांना, याच कामासाठी १९३५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. शेगडीच्या भडक्यात गेलेल्या बाया आपणही पाहिल्यात, म्हणून मला तिचं नाव कधी विसरता येत नाही.

निरोप म्हणजे काय असतं? पेशी एक प्रथिन तयार करून बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीच्या अंगावर त्या प्रथिनाला बसायला नेमकी खोबण असते. कुलपाला जशी एकच किल्ली, तसं. प्रथिन तिथं बसलं की आतल्या बाजूला हालचाल सुरू होते. मोळी जशी हातोहात वर ट्रकपर्यंत जाते, तसा निरोप आत केंद्रकापर्यंत जातो. केंद्रकात जनुकं असतात. प्रत्येक पेशीकडं पोथी सगळी असते, निरोपानं ठरतं की कोणतं पान उघडायचं आणि कोणतं बांधून ठेवायचं. एकाच पोथीतून एक पेशी कातडी होते, दुसरी मेंदू होते, ती अशी.

आणि निरोप किती तीव्र आहे, यालाही अर्थ असतो. लसणाची फोडणी घातली की चुलीपुढं ठसका लागतो, ओसरीत खमंग वास येतो, अंगणात नुसती चाहूल लागते. डोळे मिटून बसलेल्या माणसालाही आपण चुलीपासून किती लांब आहोत हे वासावरून कळेल. पेशी अगदी हेच करतात. नळीच्या खालच्या बाजूनं एक प्रथिन सुटतं, वरच्या बाजूनं दुसरी सुटतात. मधली प्रत्येक पेशी दोन्हींचा वास घेऊन आपली जागा ओळखते आणि त्या जागेला शोभेल तशी घडते. खालून सुटणाऱ्या प्रथिनाचं नाव सॉनिक हेजहॉग. पोरांच्या व्हिडिओ गेममधल्या एका काटेरी प्राण्याचं ते नाव आहे. शास्त्रज्ञांनाही बारशाच्या वेळी कधी कधी पोरकटपणा सुचतो.

आता नळीच्या वरच्या टोकाकडं जाऊ. ते फुगतं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पातळ पडदे वाढतात. त्यातूनच पुढं मेंदूची साल होते. इंग्रजीत तिला कॉर्टेक्स म्हणतात. संत्र्याची साल असते तशी ही मेंदूवरची साल, दोन ते चार मिलिमीटर जाड. पण आपण बोलतो, मोजतो, माणूस ओळखतो, गटाचा हिशोब ठेवतो, नवऱ्यानं चार वर्षांपूर्वी काय म्हटलं होतं ते लक्षात ठेवतो, त्यातलं बरंचसं काम हीच साल करते. मोठ्या माणसाच्या सालीत सुमारे १६०० कोटी चेतापेशी असतात. पसरली तर हातभर लांब आणि हातभर रुंद, थोडी जास्तच भरेल. एवढी डोक्यात मावणार कशी? म्हणून तिला चुण्या पडतात. त्या चुण्या बऱ्याचशा शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. त्याआधी बाळाच्या मेंदूचा पृष्ठभाग बराच गुळगुळीत असतो.

या सालीला साडीसारखा काठ असतो. मी शोभेसाठी म्हणत नाहीये, शास्त्रज्ञांनी त्या भागाला खरोखरच कापडाच्या काठाचं नाव दिलंय. आणि या काठाचं गुपित उलगडणाऱ्यांत आपल्या मुंबईतल्या एक बाई आहेत, डॉ. शुभा टोळे. मुंबईत शिकल्या, पुढं अमेरिकेत संशोधन केलं आणि १९९९ साली परत येऊन कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. कथक नृत्यही करतात.

काठातल्या पेशी दोन प्रकारचे निरोप सोडतात, त्यांना विंट आणि बीएमपी म्हणतात. काठाला लागून असलेली पट्टी तो निरोप ऐकते आणि हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बनते. नवी आठवण साठवायची ती या भागाच्या मदतीनं. काल कुणाला उसने पैसे दिले, औषधाची गोळी सकाळी घेतली का नाही, हे लक्षात राहतं ते त्याच्यामुळं. टोळेबाई अमेरिकेत असताना तिथल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उंदरांत दाखवलं की काठातून सुटणारं विंटपैकी एक प्रथिन नसेल, तर हिप्पोकॅम्पस घडतच नाही. मग प्रश्न आला, की काठ कुठं असावा आणि साल कुठं, हे कोण ठरवतं? २००८ साली त्यांनी आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी उत्तर छापलं. एलएचएक्स-२ नावाचं एक जनुक आहे. ते चालू असेल तर पेशी साल होते. उंदराच्या गर्भात काही पेशींपुरतं ते बंद केलं, तर त्या पेशी साल व्हायच्याऐवजी काठ झाल्या. म्हणजे साडीच्या मधोमध, अंगातच, काठाचे ठिपके. आणि प्रत्येक ठिपक्यानं आजूबाजूच्या पेशींना निरोप दिला, त्या बिचाऱ्या ऐकून हिप्पोकॅम्पस व्हायला लागल्या. एका मेंदूत कितीतरी ठिकाणी! हिल्डनं न्यूटमध्ये जे पाहिलं, तेच इथं मेंदूच्या सालीत दिसलं.

त्या शोधातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे जनुक अगदी सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत बंद पडलं तरच पेशी काठ होते. ते दिवस सरल्यावर बंद केलं तर तसं होत नाही. वेळ गेली की पेशीची ती वाट मिटते. पेरणीचा वाफसा दोन-चार दिवसच असतो, नंतर कितीही चांगलं बी टाका, ते तसं उगवत नाही. आत्याबाईंना उत्तर द्यायचं तर खरं उत्तर हेच आहे. पोट दिसेपर्यंत थांबलं तर वाफसा निघून गेलेला असतो.

आता साल जाड कशी होते ते ऐका. सुरुवातीला त्या पडद्यात नुसत्या आईपेशी असतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढतात. मग काही पेशी चेतापेशी व्हायला निघतात. चेतापेशी झाली की ती पुन्हा कधी दुभागत नाही. सगळ्याच एकदम निघाल्या तर? घरातलं बियाणंच दळून खाल्ल्यासारखं होईल. आज पोट भरेल, पेरायला काही उरणार नाही, आणि मेंदू लहानच राहील. म्हणून निघणारी पेशी शेजारणीला हात लावून सांगून जाते. जाऊ जशी म्हणते ना, "मी फडावर चालले, तू घरी थांब," तसंच. एकीच्या अंगावर डेल्टा नावाचं प्रथिन असतं, दुसरीच्या अंगावर नॉच नावाचं. दोन्ही एकमेकांना टेकले की दुसरी पेशी आईपेशीच राहते आणि वाढत राहते. हा निरोप फोडणीच्या वासासारखा हवेतून जात नाही, अंगाला अंग लागावंच लागतं.

निघालेली चेतापेशी वर चढते. आईपेशीचा एक लांब धागा सालीच्या आतल्या बाजूपासून थेट वरपर्यंत गेलेला असतो, त्याला धरून ती सरकते. आणि इथं एक गंमत आहे. आधी जन्मलेल्या खालच्या थरात बसतात, नंतरच्या त्यांच्यामधून वाट काढत त्यांच्या वर जाऊन बसतात. असे सहा थर होतात. "आता थांब, इथं बैस" हा निरोप वरच्या बाजूच्या पेशींकडून येतो, त्या प्रथिनाला रीलिन म्हणतात. आणि त्या वरच्या पेशींपैकी पुष्कळ जणी कुठून आलेल्या असतात? त्याच काठातून. रीलिन नसलेल्या उंदरांत थर उलटेपालटे होतात आणि ती उंदरं चालताना झोकांड्या खातात.

माणसात हे चेतापेशी जन्मण्याचं बरंचसं काम साधारण दुसऱ्या महिन्यापासून पाचव्या महिन्यापर्यंत चालतं. आपल्याकडं पाचव्या-सातव्या महिन्यात लाडकौतुक सुरू होतं. ते जरूर करा, पण मेंदूचा मोठा कारखाना तेव्हा अर्धाअधिक गाळप करून बसलेला असतो.

एवढं सगळं ऐकल्यावर तुम्ही विचाराल, मग यात आपल्या हातात काय? सगळं नाही. काही बाळांत जनुकातच चूक असते, तिथं आईनं काहीही केलं असतं तरी तसंच झालं असतं. हे मी आधीच सांगते, कारण आपल्याकडं बाळात काही कमी दिसलं की पहिलं बोट आईकडं जातं. पण काही गोष्टी हातात आहेत.

पहिली, ती गोळी. तिच्यात फोलिक ॲसिड असतं. हा काही निरोप नव्हे, हे सामान आहे. पेशीला एकीच्या दोन व्हायचं तर सगळी पोथी उतरवून काढावी लागते, आणि त्या उतरवणीला फोलिक ॲसिड लागतं. हाक आली पण हातात कोयताच नाही, तर फड तुटणार कसा? करंजी मिटायची ती त्या ठरलेल्या दिवसांत, आणि तेव्हाच सामान कमी पडलं, तर कड उघडी राहू शकते.

या जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्याच मुंबईत सुरू झाली. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई तिथं आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायांच्या अंगात रक्त का राहत नाही, याचा शोध त्या घेत होत्या. त्यांना आढळलं की यीस्टचा, म्हणजे पाव फुगवतात त्या किण्वाचा, अर्क दिला की या बाया बऱ्या होतात. १९३१ साली त्यांनी हे छापलं. १९४१ साली तोच पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळालं. करंजीच्या कडेशी त्याचा संबंध पक्का झाला १९९१ साली. ज्या बायांना आधी असं बाळ झालं होतं, त्यांना पुढच्या खेपेला गर्भ राहण्याआधीपासून मोठी मात्रा देऊन पाहिली. शंभरातली सुमारे ७२ तशी बाळंतपणं टळली.

पालक, मेथी, शेपू, हरभऱ्याचा पाला, मूग, चवळी, शेंगदाणे यांत ते असतंच. पण भाजी फार वेळ उकळून पाणी फेकलं की बरंच त्या पाण्याबरोबर जातं. आणि त्या चार आठवड्यांची गरज नुसत्या भाजीनं भागेलच असं नाही. म्हणून सरकारी दवाखान्यात पहिल्या तीन महिन्यांसाठी ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मिळते, रोज एक. मूल हवं असं ठरवलं की गर्भ राहायच्या आधीपासून सुरू केली तर उत्तम. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी, १८० दिवस. तिच्यातही फोलिक ॲसिड असतं. दोन्हींत गल्लत करू नका. लाल गोळीनं मळमळतं म्हणून पहिली गोळीही बाजूला टाकणाऱ्या बाया मी पाहिल्यात. आणि जिला आधी असं बाळ झालंय, तिनं पुढचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना सांगायचं. तिला दहापट मात्रा लागते, ती त्यांनीच लिहून द्यायची.

दुसरी गोष्ट मीठ. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी पहिले तीन महिने काम करण्याजोगी नसते. तोवर बाळाच्या मेंदूला थायरॉईडचा निरोप आईच्या रक्तातून जातो. आईच धाडते तो सांगावा. चेतापेशींना वर चढून आपापल्या थरात बसायला त्याची मदत लागते. आणि तो तयार करायला आईला आयोडीन लागतं, जे आपल्याकडं मुख्यतः पाकिटातल्या मिठातून मिळतं. सुटं खडामीठ स्वस्त पडतं, पण त्यात आयोडीन असेलच असं नाही. मीठ चुलीजवळ उघडं ठेवू नका, वाफेनं आणि ओलीनं आयोडीन कमी होतं. झाकणाचा डबा, चुलीपासून लांब.

तिसरी गोष्ट दूध. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवलाय. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होतं, त्यांची मुलं ९ वर्षांची झाल्यावर लक्ष देण्याच्या आणि आठवण्याच्या चाचण्यांत मागं पडताना दिसली. बी-१२ भाजीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मटण-मासळीत असतं, आणि फोलिक ॲसिडच्या जोडीनंच काम करतं. आता आपली तऱ्हा बघा. म्हैस आपल्या दारात, धार काढणारी आपण, आणि सगळं दूध डेअरीला. घरात कोरा चहा. गरोदर सुनेच्या वाट्याचं एक पेलाभर दूध आधी बाजूला काढा, मग किटली भरा.

पाण्याचं एक सांगते. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पिंपं भरून ठेवतो. त्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात दिवसा चावणारा डास वाढतो, डेंग्यूचा. तोच झिका नावाचा विषाणू नेतो. महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. २०२४ साली पुण्यात जे रुग्ण निघाले त्यांत गरोदर बायाही होत्या. हा विषाणू बाळाच्या मेंदूतल्या नेमक्या त्या आईपेशींवरच हल्ला करू शकतो, ज्यांना आपण बियाणं म्हटलं. पिंपाला फडकं बांधा, आठवड्यातून एकदा घासून कोरडं करा.

मिश्रीबद्दल पुष्कळ बोलले तर निम्म्या जणी रेडिओ बंद करतील, म्हणून थोडक्यात. मिश्रीतलं निकोटीन बाळापर्यंत पोचतं आणि मेंदूतल्या पेशींच्या खोबणीत जाऊन बसतं. कुलपाला लागणारी खोटी किल्ली. ते दिवस तरी दातांना साधी पेस्ट चालेल. आणि फिट येण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून कधीही बंद करू नका, पण मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांतल्या काही गोळ्यांनी करंजीची कड उघडी राहण्याचा धोका वाढतो, आणि त्यांना पर्याय असतात.

आता अडचण. आपल्या टोळ्या निघतात दसरा-दिवाळीला आणि पट्टा पडतो मार्च-एप्रिलमध्ये. लग्नं उन्हाळ्यात होतात, पहिला गर्भ पुष्कळदा फडावरच राहतो. नाव गावच्या आशाताईकडं आणि बाई उसाच्या कोपीत. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गेला, समिती बसली. पिशवी गेल्यावर चर्चा झाली, पिशवीत मूल वाढत असताना त्या फडावर गोळी कशी पोचते याची चर्चा मात्र मी कमीच ऐकली. तोवर आपणच एवढं करू शकतो, की नवीन लग्न झालेली किंवा मूल हवं असलेली बाई टोळीबरोबर निघाली की तिच्या ट्रंकेत आधीच फोलिक ॲसिडच्या तीन महिन्यांच्या गोळ्या असाव्यात. माता-बाल संरक्षण कार्ड मिळालेलं असेल तर तेही. ते कार्ड जिथं जाल तिथल्या आशाताईला, सिस्टरला दाखवता येतं. गटानं टोळी निघायच्या आधी एक बैठक यासाठीच ठेवावी, असं मला वाटतं.

शेवटी घरातलं एक सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई आधी कोयत्यावर जायच्या. वीस-बावीस वर्षं झाली. त्यांचं पहिलं बाळ आषाढात झालं, पाठीवर उघडी गाठ घेऊन. अकरा दिवस राहिलं. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. भावकीत सगळ्यांनी एकच ठरवलं, की हिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली. जाऊबाईंनी ते मानून घेतलं. कुठलं ग्रहण, कुठला दिवस, कुणी विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला तालुक्याच्या डॉक्टरांनी आधीपासून औषध दिलं. ती मुलगी आता नर्सिंगला आहे.

हे भाषण लिहून झाल्यावर परवा रात्री मी त्यांना वाचून दाखवलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. करंजीपाशी हात थांबला. पुढचं सगळं वाचून होईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "म्हंजे इळीचं काय नव्हतं?"

मी म्हटलं, "नव्हतं, अक्का."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "आन् दुसरीच्या येळंला ती गोळी दिली व्हती, ती हीच का?"

"हीच. फक्त मोठी."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.